आत्याचं मूत्रपिंड आणि हरिपूरची हळद

मिरजेत औषधांचं दुकान असलं की अर्धा दिवस मराठी बोलण्यात जातो आणि उरलेला अर्धा मोडक्या-तोडक्या कानडीत. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून जत, अथणी, विटा, जमखंडी अशी चारी बाजूंची माणसं दुखणं घेऊन याच गावाकडे येतात. त्यांच्याबरोबर आलेले नातेवाईक आमच्या काउंटरला उभे असतात. चिठ्ठीवरची औषधं पिशवीत गेली, पैसे दिले, की माणूस जरा पुढे झुकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "केमो चालू हाय ताई. किडनीला काय होऊ ने म्हणून कायतरी द्या की. पण नॅचरल बघून द्या."

मग मोबाइल पुढे येतो. त्यावर मथळा असतो : हळदीतल्या घटकाने केमोपासून किडनीच्या पेशी वाचवल्या. कधी हळदीऐवजी कांदा असतो, कधी द्राक्षाची साल, कधी आलं. या बातम्या बहुतेक वेळा खोट्या नसतात, आणि पंचाईत तिथेच आहे. खोटं असतं तर एका वाक्यात मिटवता आलं असतं.

ज्या औषधामुळे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो ते सिसप्लॅटिन. दागिन्यातल्या प्लॅटिनमचं हे संयुग. मधोमध प्लॅटिनमचा एक अणू, त्याच्या एका अंगाला दोन क्लोरीन आणि दुसऱ्या अंगाला दोन अमोनिया. मिकेले पेरोने नावाच्या इटालियन रसायनतज्ज्ञाने ते १८४५च्या आसपास बनवलं आणि पुढे शंभरावर वर्षं ते नुसतं पुस्तकात पडून राहिलं. १९६०च्या दशकात अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू वाढत होते, पण त्यांचं विभाजन थांबलं होतं. नेहमीच्या तीनशेपट लांबीचे दोरे तयार झाले होते. विजेचा यात काही हात नव्हता. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते, त्यांतून थोडं प्लॅटिनम द्रावणात उतरलं होतं आणि ही करामत त्याची होती. विभाजन थांबवणारी वस्तू म्हटल्यावर कर्करोग आठवणारच. १९७८ साली अमेरिकेत सिसप्लॅटिनला मान्यता मिळाली आणि वृषणाच्या कर्करोगाने हातातून जाणारी तरणी पोरं बरी होऊन घरी जाऊ लागली.

त्याआधी मात्र हे औषध जवळजवळ मोडीत निघालं होतं, ते मूत्रपिंडापायी. सुरुवातीच्या चाचण्यांत इतक्या पेशंटची मूत्रपिंडं खराब झाली की हे पुढे न्यावं की नाही असा प्रश्न पडला होता. ते वाचवलं कशाने, ते पुढे येईलच.

माझी आत्या हरिपूरला दिलेली. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा जिथे एकत्र येतात तिथलं हे गाव. सकाळी उठल्यावर मिसरी, जेवण झालं की मिसरी, शेजारीण आली की मिसरी, हा तिचा पन्नास वर्षांचा नेम. त्याची फेड गालात झाली. ऑपरेशन झालं आणि मग रेडिएशन सुरू झालं. त्याच्या जोडीला दर आठवड्याला सिसप्लॅटिन. घरात औषधातलं कळणारी मी एकटी, त्यामुळे सगळे फोन माझ्याकडे. पहिल्या डोसाच्या दिवशी दुपारी तिने स्वतःच फोन लावला. ऑपरेशनमुळे बोलणं अजून जड होतं, पण तक्रार स्पष्ट होती : "ही सकाळपासनं नुसतं पाणीच चढवत्यात गं. औषध कवा देणार?"

मी गेले तेव्हा काळ्या कागदात गुंडाळलेली औषधाची बाटली नुकतीच लागली होती. त्याआधी एक लिटर सलाइन आत गेलं होतं, त्यात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन सोडलेलं. नंतर परत सलाइन. खाटेखाली प्लॅस्टिकचा मापाचा जग, आणि दर वेळी लघवी किती झाली ते सुनेने वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. आत्याला या जगाची मनस्वी लाज वाटत होती. औषध तासाभरात संपलं. बाकी सगळा दिवस पाण्याचा आणि पाणी मोजण्याचा.

आता, मूत्रपिंडच का? हे मी काउंटरवर सांगायला जाते तेव्हा मागची रांग कुरकुरायला लागते, म्हणून इथे सावकाश सांगते. रक्तात क्लोराइड भरपूर असतं, तोवर सिसप्लॅटिन आपले दोन क्लोरीन धरून गप्प राहतं. पेशीच्या आत क्लोराइड कमी. तिथे क्लोरीन सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि औषध जागं होतं. मग ते डीएनएला असं चिकटतं की पेशीला पुढे दोन होता येत नाही. कर्करोगाच्या पेशींना सतत दोन व्हायचं असतं, त्यामुळे त्या सापडतात. पण मूत्रपिंडाच्या नलिकेतल्या पेशी काही अशा धडाधड वाढत नाहीत. त्या सापडतात त्यांच्या कामामुळे. रक्तातल्या नको त्या गोष्टी ओढून लघवीत टाकायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांच्या रक्ताकडच्या बाजूला ओसीटी२ नावाचं एक दार आहे, आणि सिसप्लॅटिन त्या दाराने आत खेचलं जातं. रक्तात असतं त्याच्या साधारण पाचपट औषध या पेशींत साठतं. दिवसाला १८० लिटर पाणी गाळून त्यातलं जवळजवळ सगळं परत आत घ्यायचं म्हणजे या पेशींत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची गर्दी असते. औषध पहिला घाव तिथे घालतं. मग ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सुटतात, सूज येते आणि पेशी स्वतःच मरायला निघते. जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या पेशंटना या ना त्या प्रमाणात हा फटका बसतो. मॅग्नेशियम तर लघवीवाटे वाहूनच जातं.

"ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू" म्हटलं की पुढचं वाक्य कुणीही पुरं करेल : मग अँटिऑक्सिडंट द्या! संशोधकांनीही तेच केलं. डुकराच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींचा एक वाण प्रयोगशाळांत गेली कित्येक वर्षं वाढवला जातो. एलएलसी-पीके१ त्याचं नाव. शहाण्णव बारीक खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत या पेशी लावायच्या. काही खळग्यांत नुसतं सिसप्लॅटिन, काहींत आधी वनस्पतीतला घटक आणि मग सिसप्लॅटिन. दुसऱ्या दिवशी एक पिवळं द्रावण घालायचं, जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. जांभळा गडद दिसला की पेशी वाचल्या. हळदीतल्या कर्क्युमिनने वाचवल्या, कांद्यातल्या क्वेर्सेटिनने वाचवल्या, द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेरॅट्रॉलने वाचवल्या, आणखी कितीतरी घटकांनी वाचवल्या. हळद सांगलीची, द्राक्षं तासगावची! सगळं औषध आपल्याच जिल्ह्यात पिकतं असं वाटून माझीही छाती फुगते.

पुढची पायरी उंदराची. त्याला सिसप्लॅटिनचा एकच मोठा डोस द्यायचा, तीन-चार दिवसांनी रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं. मूत्रपिंड थकलं की रक्तात साचणारा हा टाकाऊ पदार्थ. वनस्पतीचा घटक बऱ्याचदा आधीपासूनच सुरू केलेला. ज्यांना घटक दिला त्यांचं क्रिएटिनिन कमी वाढतं. प्रयोग चोख असतो, आकडेही खरे असतात. पण यातल्या बहुतेक प्रयोगांत उंदीर तरुण, ठणठणीत आणि बिनगाठीचा असतो. त्याच्या अंगात कर्करोगच नसतो. म्हणजे मूत्रपिंड वाचलं की नाही याचं उत्तर मिळतं, पण तोच घटक गाठीलाही वाचवतो का, हे विचारायला गाठच नसते. आत्याच्या बाबतीत सगळा खटाटोप त्या गाठीसाठी चाललेला.

काउंटरवर हा एकच मुद्दा सांगायला वेळ मिळाला तरी मी समाधान मानते. ढाल दिली तर ती दोघांच्या हातात जाऊ शकते.

हळदीबद्दल मी हलकं बोलते असं कुणाला वाटू नये. हरिपूरच्या माणसासमोर तर बोलूच नये. लहानपणी सुट्टीत आत्याकडे गेलं की पेव उघडताना बघायला मिळायचं. जमिनीत माणूसभर उंचीच्या कितीतरी पट खोल, तोंड अरुंद आणि आत पोटासारखं फुगत गेलेलं. आतून उसाचा पाला लावलेला, त्यात हळद ओतून तोंड मातीने लिंपलेलं. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड लागायची नाही, कारण आत किड्याला श्वास घ्यायला हवाच नसायची. म्हणून पेव फोडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं टाकून ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणसाने अजून थांबायचं. वर येणारा वास नाकात बसायचा, तो दोन दिवस निघायचा नाही. २००५च्या महापुरात बरीच पेवं पाण्याखाली गेली, आत्याच्या सासऱ्यांचीही. आता माल गोदामात जातो. २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आत्या म्हणाली, "आता कागुद दिला व्हय? बरं."

तर ही हळद. हिच्या वजनात कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्के. दुधात अर्धा चमचा हळद घातली तर पोटात कर्क्युमिन जातं पन्नास-साठ मिलिग्रॅम. ताटलीतल्या प्रयोगात पेशींभोवती बहुधा दहा-वीस मायक्रोमोलर (द्रावणात घटक किती दाट आहे त्याचं माप) कर्क्युमिन असतं. माणसांना रोज आठ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन पाहिलं तेव्हा रक्तात सरासरी दोन मायक्रोमोलरसुद्धा गाठलं गेलं नाही. आठ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे पाव किलोच्या आसपास हळद. रोज! आतडं ते धड घेत नाही, आणि जेवढं घेतं तेवढं यकृत लगोलग बदलून टाकतं. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पिपेरिन वीस मिलिग्रॅम जोडीला दिलं तर कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढतं. तेव्हापासून बाजारातल्या कॅप्सूलवर पिपेरिनचं नाव ठळक छापलेलं असतं. पण पिपेरिन ही करामत करतं ती यकृताची मोडतोड करणारी यंत्रणा मंदावून, आणि तीच यंत्रणा इतर औषधांनाही लागते. सिसप्लॅटिनबरोबर उलटीसाठी देतात ते अ‍ॅप्रेपिटंट त्यातलंच. एका कॅप्सूलने बाकीच्या गोळ्यांचा हिशेब बिघडू शकतो. हे वेष्टणावर ठळक अक्षरांत मला कुठे दिसलेलं नाही.

आता ती गोष्ट, जी वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या सह्याद्रीत, साताऱ्या-कोल्हापूरकडच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. ते पहिल्यांदा १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून काढलं आणि १९७२ साली भारतात गोविंदाचारींनी नरक्यातही सापडल्याचं दाखवलं. त्यापासून कर्करोगाची औषधं बनतात, म्हणून नरक्याची चोरटी तोड होते आणि अधूनमधून ट्रक पकडल्याच्या बातम्या येतात. २००२ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर कॅम्प्टोथेसिन टाकलं, त्या मरू लागल्या. मग आधी कर्क्युमिन देऊन तेच केलं, तर मरणाऱ्या पेशींची संख्या चांगलीच घटली. आणखी दोन केमो औषधांबाबतही हेच झालं. गाठ असलेल्या उंदरांना खाण्यातून कर्क्युमिन दिलं, तर सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाने गाठ आटायची ती कमी आटली. म्हणजे जावळी-पाटणच्या झाडाने मारायला घेतलेल्या कर्करोगाला आमच्या सांगलीच्या हळदीने पाठीशी घातलं. दोन्ही नॅचरल, दोन्ही आपल्या मातीतले, आणि दोघांचं एकमेकांशी वैर!

याच्या उलट सांगणारे प्रयोगही आहेत. काही ताटल्यांत कर्क्युमिनने सिसप्लॅटिनला मदत केलेली दिसते. औषध कोणतं, गाठ कुठली, घटक किती आणि कधी दिला, यावर सगळं फिरतं. माणसांवरच्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या या प्रश्नावर व्हायला हव्यात. त्या होत का नाहीत, तर त्यात कुणाचा पैसा सुटत नाही, असं माझं मत. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने डॉ. माशेलकरांच्या काळात ते लढवून १९९७ला रद्द करायला लावलं. उत्तम झालं. पण ज्याचा मालक कुणीच नाही अशा भुकटीच्या चाचणीचा खर्च सरकारनेच उचलला तर उचलला.

ढाल एकाच्याच हातात द्यायची कशी, याचं एक सुरेख उदाहरण आहे. ते मूत्रपिंडाचं नाही, कानाचं आहे. सिसप्लॅटिनने लहान मुलांना बहिरेपण येतं. यकृताच्या एका कर्करोगाच्या मुलांना सोडियम थायोसल्फेट देऊन पाहिलं. जुन्या फोटो स्टुडिओत निगेटिव्ह धुवायला वापरायचे ते हायपो हेच. ते प्लॅटिनमला धरून निकामी करतं. सिसप्लॅटिनबरोबरच दिलं असतं तर औषधच वाया गेलं असतं. म्हणून ते सहा तासांनी दिलं, गाठीवरचं काम होऊन गेल्यावर. २०१८ला निकाल आला : नुसत्या सिसप्लॅटिनवर शंभरातल्या ६३ मुलांना ऐकण्याचा त्रास, हायपो दिलेल्यांत ३३. २०२२ला अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सगळी किमया त्या सहा तासांची. घरी सकाळ-संध्याकाळ चमचाभर घेतलेल्या काढ्याला असं घड्याळ नसतं.

मूत्रपिंडाच्या बाबतीत आजवर खरोखर भरवशाचं ठरलं ते आत्या ज्याला नुसतं पाणी म्हणत होती ते. १९७०च्या दशकात भरपूर सलाइन द्यायला सुरुवात झाली आणि मोडीत निघालेलं औषध परत उभं राहिलं. पाण्याने नलिकेतलं औषध पातळ होतं आणि लवकर बाहेर पडतं. पुढे मॅग्नेशियमची जोड मिळाली. ते लघवीवाटे जातंच, आणि कमी पडलं की मूत्रपिंडाचं नुकसान वाढतं. सैनिकांना किरणोत्सर्गापासून वाचवायला शोधलेलं अमिफोस्टिनही १९९०च्या दशकात यासाठी मान्य झालं, पण रक्तदाब पाडतं आणि उलट्या आणतं, म्हणून फारसं चाललं नाही. मिठाचं पाणी टिकलं. काउंटरवर मात्र ते मी कुणाला विकू शकत नाही, कारण ते आधीच चिठ्ठीत असतं आणि चमत्कार म्हणून कुणाला पटत नाही.

आणि निसर्गातलं म्हणजे मूत्रपिंडाला निवांत, हेही खरं नाही. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवायला चिनी वनस्पतींची औषधं घेतलेल्या शंभरावर बायकांची मूत्रपिंडं गेली. चुकून त्यात अ‍ॅरिस्टोलोकिया मिसळली होती. आपल्याकडची ईश्वरी त्याच कुळातली. हौसेने खातो त्या करंबळाचा (स्टारफ्रूटचा) रस मूत्रपिंडाच्या पेशंटला जिवावर बेतू शकतो. हळदीच्या भुकटीत ऑक्झलेट भरपूर असतं, आणि महिनोन्‌महिने जादा मात्रेत घेऊन मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचल्याचे पेशंटही नोंदवले गेलेत.

आत्याचं क्रिएटिनिन सुरुवातीला ०.८ होतं. मध्यावर ते १.४ झालं आणि डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवला. घरात पळापळ. पुण्याच्या पुतण्याने कुरिअरने कॅप्सूल धाडल्या, कुणी गव्हांकुर, कुणी पुनर्नवा. मी सुनेला म्हटलं, "वहिनी, घरात असेल नसेल ते सगळं एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. लपवू नका." तिने खरंच ओतलं. कर्क्युमिनच्या कॅप्सूल पिपेरिनसकट, पुनर्नवा-गोखरूचं चूर्ण, गव्हांकुराची पावडर, पपईच्या पानांचा रस, वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी आणि गोळ्यांचं अर्धं वापरलेलं पाकीट.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी उचललं ते पाकीट. डायक्लोफिनॅक. जबडा ठणकतो म्हणून आत्या रात्री एक घेत होती, घरात कुणाला न सांगता. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळणारी ही गोळी, तीही सिसप्लॅटिनच्या जोडीला. आयुर्वेदिकावरून वाद होईल म्हणून आम्ही तयारीने गेलो होतो, त्याची वेळच आली नाही. त्यांनी दुखण्यासाठी दुसरं औषध लिहून दिलं. पुडीकडे बोट करून विचारलं, "यात काय आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. "मग देणाऱ्याला विचारून या. तोवर बंद." चूर्ण, पावडर, रस, सगळं डोस संपेपर्यंत बंद. कॅप्सूल हातात घेऊन लेबल नीट वाचलं आणि म्हणाले, "हे चालू उपचारात नको. नंतर रक्त बघून बोलू."

"आन हळद?" आत्याने विचारलं.

"जेवणातली?"

"मग आनि कंची?"

"ती खा की आजी. ती कोण बंद करतंय?"

आठवड्याने क्रिएटिनिन १.१वर आलं, सलाइन थोडं वाढवून उरलेले डोस पुरे झाले. डायक्लोफिनॅक थांबल्यामुळे की पाण्यामुळे की आठवडाभराच्या विश्रांतीमुळे, ते एका पेशंटवरून ठरत नाही. पुतण्याने पाठवलेल्या कॅप्सूल आत्याने फेकू दिल्या नाहीत. महाग असणार, असा तिचा अंदाज होता आणि तो बरोबर होता. बाटली माझ्याकडे देऊन म्हणाली, "तारीख बघ की गं, कवापतुर चालतंय."